विष्णुक्रांतेला पाणी नको

टँकर मागे घेताना प्रथमेशने समीक्षाच्या कुंपणाचा एक चिरा पाडला, तोही नेमका तिच्या विष्णुक्रांतेच्या कडेला. तो खाली उतरला, चिरा उचलून जागेवर ठेवला आणि माफी मागितली ती झाडाची. समीक्षाला राग यायला हवा होता... आला नाही. अशा गोष्टी साधारण अशाच सुरू होतात.

विष्णुक्रांता म्हणजे वीतभर पसरणारं रानटी झाड. बटणाएवढी निळी फुलं, सकाळी उमलणारी. पेडण्याच्या सड्यावर, कातळाच्या फटीत ते कुणी न विचारता वर्षानुवर्षं जगतं, आणि घरी आणलं की लाडाने मरतं. समीक्षाची दोन झाडं शेणखत नि पाण्यापायी गेली होती. तिसरं तिने मुरमात लावलं आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायला मोठ्या कष्टाने शिकली. सड्यावरची ती जागा आता रस्त्याखाली गेली होती. हे गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

वाड्यावरचा, सगळ्या वस्तीचा नळ बंद पडलेला, म्हणून हा दोडामार्गचा मुलगा दिवसाआड टँकर घेऊन यायचा. सगळ्यांच्या कळशा भरल्या की पाइपातलं उरलेलं पाणी झाडाला घालायचा, चिऱ्याची भरपाई म्हणून. नको म्हणणं सोपं होतं. पण नको म्हटलं, की तो कळशा भरून सरळ निघून जाणार – आणि मग ते मान खाली घालून हसणं कुणाचं बघायचं? पानं पिवळी पडू लागली. सुमंगलाबाई, तिची आई, 'अति तिथे माती' म्हणाल्या. बघत होत्या मात्र टँकरकडे.

शेवटी समीक्षाने एका संध्याकाळी झाड मातीच्या गोळ्यासकट उचलून मागच्या परसात उन्हाच्या जागी लावलं, आणि पुढे रिकाम्या जागी दगडीपाल्याच्या तणाचा एक झुबका खोचला. प्रथमेश त्या झुबक्याला मनापासून पाणी घालत राहिला. झाड तरारलं हां, म्हणायचा. तुमच्या हाताचा गुण, असं ती सांगायची आणि कोकम सरबताचा ग्लास पुढे करायची. तिला लाज वाटे. आनंद त्याहून जास्त वाटे.

मग नळ दुरुस्त झाला. उद्यापासून आपली फेरी बंद, असं सांगून प्रथमेश सवयीने पाइप घेऊन वाकला. आता गप्प राहिलं तर हा गेलाच, हे तिला लख्ख कळलं.

"तुमी पाणी घालतास ता माझा झाड न्हय," ती म्हणाली. "ता दगडीपाला."

"माका ठावूक आसा." त्याने मान वर केली नाही. "विष्णुक्रांतेक निळा फूल. ह्या पिवळा."

"मगे... पाणी कित्याक घातलात?"

"तुमी झाड लपयलात," तो म्हणाला, "पण माका येव नको म्हणूक नाय."

कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. दारातून आई ऐकत होती, ऐकू दे.

"आजूनय म्हणूक नाय," ती म्हणाली.

पाइप वाहतच होता. त्याने तो बंद केला, हात पँटीला पुसले आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"आयताराक माझ्या आयेक घेवन येतंय," तो म्हणाला. "तू घरात आसशीत मा?"