शनिवारच्या हारातलं पान

"अहो, थांबा... ती कोंबडीला घालू नका."

जरीनानं वळून पाहिलं. कुंपणापलीकडं एक सायकल आडवी पडली होती आणि सायकलवाला वाफ्यांतून लांब उड्या टाकत येत होता. तिच्या चिमटीत लिंबाच्या रोपावरची हिरवी अळी होती, पायाशी माना उंच करून कोंबड्या. त्यानं अळी तिच्या बोटांतून अलगद उचलली, तळहातावर ठेवली. अळीनं डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि आंबूस, उग्र वास सुटला.

"रागावली," तो म्हणाला.

"मी बी रागावलीया," जरीना म्हणाली. "मिरचीच्या रोपावर पाय दिलासा तुमी."

रंकाळ्याच्या अंगाला शमशुद्दीन बागवानांची रोपवाटिका होती. जरीना त्यांची धाकटी मुलगी. रोज सकाळी रोपांवरच्या अळ्या वेचून कोंबड्यांना घालणं हे तिचं काम. सायकलवाला रफिक मुल्ला, शिवाजी पेठेतल्या एका हायस्कुलात नवा आलेला विज्ञानाचा मास्तर. गाव शाहूवाडीकडचं, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वर्गाला फुलपाखरं शिकवायची होती आणि त्याला स्वतःला चारसुद्धा ओळखता येत नव्हती. साल चौऱ्याहत्तर. परतीचा पाऊस सकाळी थोडा भुरभुरायचा, दुपारी ऊन पडायचं, आणि उन्हात फुलपाखरंच फुलपाखरं.

"लिंबाचं रोप पायजे का तुमाला?"

"रोप नको. अळ्या पाहिजेत."

जरीनानं त्याच्याकडं नीट बघितलं. माणूस तसा बरा दिसत होता.

"कुणाला सांगू नका म्हंजे झालं," ती म्हणाली. "बागवानाकडं किडं मिळत्यात असं पेठेत झालं, तर अब्बा मलाच कोंबड्यांना घालतील."

तेव्हापासून तो येत राहिला. हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्या, तोंडाला धुवट मलमलीचा तुकडा, आत रोजचा ताजा पाला. जरीना घरात दखनी बोलायची, गिऱ्हाइकाशी मराठी. रफिकशी ती मराठीच बोलत राहिली. तो गिऱ्हाईक आहे, एवढा आडोसा दोघांनाही बरा वाटत असावा.

त्याच्याकडं लायब्ररीतलं एक पुस्तक होतं. तिच्याकडं नजर होती. टाचणीच्या डोक्याएवढं अंडं, तेही पानाच्या पाठीला, तिला वाफ्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. पण अंड्यातून निघालेल्याचं पुढं काय होतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आजवर सगळं कोंबड्यांच्या पोटात गेलेलं. म्हणून दोघं मिळून शिकली.

लिंबावरची अळी लहानपणी चिमणीच्या शिटेसारखी दिसते आणि मोठेपणी हिरवी होते. कढीपत्त्यावरचीही तशीच. दोघींत फरक कसा करायचा यावर त्यांचे दोन आठवडे गेले. कण्हेरीवरची अळी कोश करते तो चांदीच्या घुंगरासारखा लखलखीत. पुस्तकातली नावं इंग्रजी होती, तिनं ती ऐकली आणि बाजूला ठेवली. कण्हेरीवरचीचं नाव ठेवलं चांदीवाली.

"दिवसभर खायचं, घाण करायची, कपडे तोकडं झालं की टाकायचं," बाटली पुसताना ती म्हणाली. "तान्ह्या लेकरागत हाय सगळं. फकस्त रडत न्हाईत."

एकदा कढीपत्त्याच्या एकाच बाटलीतून दोन फुलपाखरं निघाली. एक काळं, पांढऱ्या पट्ट्याचं. दुसरं लाल ठिपक्यांचं. रफिकनं दोनदा पुस्तक चाळलं.

"एकाच जातीची आहेत. हा नर... ही मादी."

"एका घरची वाटत न्हाईत."

"नाही वाटत."

"असतंय असं," जरीना म्हणाली, आणि मग उगाचच मलमलीची गाठ पुन्हा बांधत बसली.

कुंपणाला रुईची झुडपं होती. तालमीतल्या मारुतीला दर शनिवारी रुईच्या पानांचा हार चढायचा आणि त्याची पानं बागवानांकडून जायची. जरीनाच्या आजोबांपासूनची रीत. मोहरमला त्याच तालमीत पंजे बसायचे, तेव्हा फुलंही इथलीच. शुक्रवारी संध्याकाळी जरीना पानं तोडून ओल्या पोत्यात गुंडाळायची, शनिवारी फजरची नमाज झाली की शमशुद्दीन सायकलवरून पोचवायचे. हार पैलवानच ओवत.

त्या रुईवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी वाढत होती. जरीना तिला शनवारी म्हणायची. ही बाटलीत घालायची नाही, झाडावरच राहू द्यायची, असं रफिकचं म्हणणं. एके दिवशी तिनं खाणं सोडलं, पानाखाली उलटी लटकली आणि हिरवागार कोश झाली. वर सोनेरी ठिपके, कुणी सुईनं टोचल्यासारखे.

त्याच आठवड्यात पेठ वडगावचं स्थळ आलं. मुलाचं भांड्यांचं दुकान होतं. रविवारी बघायला येणार.

"वडगावाहून पावणं येणार हाईत," जरीनानं सांगितलं. रोपांना पाणी घालता घालता, हवापाण्याचं सांगावं तसं.

रफिकनं कोशाचं पान अलगद उलटून बघितलं.

"हा शनिवारी सकाळी उघडेल. उघडला की... मी चाचांशी बोलतो."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत आहे."

"आनि न्हाई उघडला तर? कवाकवा आत दुसऱ्याच माशीची अंडी असत्यात, मग काय सुदिक निघत न्हाई. तुमीच सांगितलंय."

कायम नोकरी नसलेल्या मास्तरला मुलगी कोण देतं, हा हिशेब रफिकच्या मनात पक्का होता. कोश हे निमित्त होतं, आणि ते निमित्त आहे हे जरीनाला त्याच्याआधी कळलं होतं. ती झारी घेऊन पुढच्या वाफ्याकडं गेली.

शनिवारी उजाडताच तो आला. रुईची फांदी मोकळी होती. देठातून निघालेला पांढरा चीक वाळून गेला होता.

"पान... पान कुठंय?"

"हारात गेलं वाटतं," जरीना म्हणाली. हातातल्या वाटीतले दाणे ती कोंबड्यांना टाकत होती. "अब्बा मघाच तालमीत गेल्यात."

सकाळची शाळा होती. आयुष्यात पहिल्यांदा रफिक शाळा बुडवून तालमीत गेला.

"पावणं, चपला भाईर," आतून आवाज आला. वस्ताद धोंडीराम, मानेपर्यंत तांबडी माती. "काय काम?"

"हारातलं एक पान बघायचंय. त्यात माझं फुलपाखरू आहे."

आखाड्यातल्या दोन जोड्या कुस्ती सोडून बघू लागल्या.

"तुमी त्ये किडं गोळा करणारं मास्तर न्हवं? हार उद्या उतरणार. तवर कुणाचा हात लागायचा न्हाय. बसा."

रफिक बसला. मारुतीच्या डाव्या खांद्यावर, पानाखाली, तो कोश लटकत होता. रात्रीत रंग उतरून काळसर झालेला, आतल्या पंखांची तांबूस घडी दिसत होती. जिवंत होता. फार तर तासाभराचा प्रश्न. त्यानं वस्तादांना अळीपासून सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे झालं पोरास्नी शिकवायचं. आता खरं सांगा."

मग त्यानं खरं सांगितलं. शमशुद्दीनचाचांची जरीना, उद्याचे वडगावचे पाहुणे, कोश उघडला की बोलायचं ठरवलेलं.

"आनि त्यो न उघडला, तर पोरगी वडगावला?"

हाच प्रश्न जरीनानंही विचारला होता... दुसऱ्या शब्दांत, आणि जास्त हळू.

"किड्याच्या जिवावर लगीन ठरवायलाय गडी," वस्ताद म्हणाले. "ऊठ. सदरा घालतो, जाऊया."

"पण ते आत्ता निघेल, थोडं थांबलो तर..."

"निघंल न्हाय तर न निघंल. त्याच्यापाशी मारुती हाय. पोरीपाशी कोण हाय?"

रफिकनं एकदा कोशाकडं पाहिलं आणि चपला घातल्या. फुलपाखरू निघालं तेव्हा बघायला फक्त पैलवान होते. तांबूस होतं, पंख वाळेपर्यंत मारुतीच्या खांद्यावर बसलं आणि खिडकीतून गेलं, असं नंतर कळलं.

शमशुद्दीन लिंबाच्या रोपावर कलमाचा डोळा बांधत होते. त्यांनी मास्तरांकडं बघितलं, मागं उभ्या वस्तादांकडं बघितलं.

"काय रं, रोप न्यायला येवढा पैलवान संगं?"

वस्ताद कुंपणापाशीच थांबले. बोलणं रफिकलाच भाग होतं.

"चाचा, माझी नोकरी अजून कायम नाही. पण... तुमची हरकत नसेल तर मी अम्मीला घेऊन येतो. जरीनासाठी."

शमशुद्दीननी सुतळीची गाठ मारली, दातानं तोडली.

"तिला विचारलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडं काय आलास?"

जरीना लिंबाच्या वाफ्यात होती. तिच्या चिमटीत एक अळी होती, कोंबड्या वाट बघत होत्या. रफिक समोर जाऊन उभा राहिला. या वेळी त्यानं रोपांवर पाय दिला नाही.

"उघडला का कोश?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मी थांबलो नाही."

जरीनानं अळी परत पानावर ठेवली. कोंबड्या थोडा वेळ घोटाळल्या आणि निघून गेल्या.

"वडगावला सांगावा धाडायला लागंल," ती म्हणाली. "आजच."

कुंपणापाशी वस्ताद शमशुद्दीनकडं तंबाखू मागत होते. तिकडं बघता बघता रफिकला रुईची मोकळी फांदी दिसली. बाकी झुडपाची पानं एका बाजूनं ओळीनं तोडलेली होती. कोशाचं पान तेवढं मधलं, पार आतलं.

"जरीना... ते पान तू मुद्दाम तोडलंस?"

वाफ्याच्या दुसऱ्या टोकावरून टाचणीएवढं अंडं हेरणाऱ्या त्या मुलीनं ओढणी डोक्यावर सारखी केली, आणि पहिल्यांदाच त्याच्याशी घरातल्या बोलीत बोलली.

"पान हरा, कोश बी हरा... मेरेकू क्या दिखता?"