घरच्यांचा रोट

कानबाई देवीला नदीवर बोळवायला निघालेल्या बाया राजघाटाच्या पायऱ्या उतरत होत्या, तेवढ्यात तृप्तीच्या अंगात आलं. दर वर्षी यायचं. अंग ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. बाया एकामागून एक पाया पडू लागल्या. तिचं डोकं तापीच्या पाण्याला टेकायला आलंय, हे कुणी पाहिलं नाही. बुधवारा भागातल्या मेडिकलवर काम करणाऱ्या योगेंद्रनं तेवढं तिला वर ओढलं, कुशीवर वळवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला.

चार दिवसांनी ती त्याच्या काउंटरसमोर उभी.

“सगळे पाया पडले. तूच नाही पडलास.”

“टाइम मोजत होतो.”

“देवीचा टाइम मोजतात?”

“डॉक्टर पहिलं तेच विचारतात.” तो अडखळला. “एकदा दाखवून तर ये... मी येतो सोबत.”

“देवी कोपेल, याची भीती नाही वाटत?”

“तू बुडशील याची वाटली. अजून वाटते.”

ती हसली नाही. पण घरी जाताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

डॉक्टर म्हणाले, आकडी आहे. गोळ्या दिल्या. त्या तिनं रांगोळीच्या डब्यात लपवल्या. आधी देवापुढे दिवा, मग गोळी... आणि गिळताना देवीकडे बघायची हिंमत होत नसे. देवी खरी असेल, तर आपण तिला दार लावतोय. नसेल, तर आपण नुसत्याच आजारी. मग पाया पडणाऱ्या बायाच म्हणतील, आकडीची पोर, हिला कोण करून घेणार?

दर महिन्याला योगेंद्र गोळ्यांची पट्टी पुढे सरकवायचा. बोटांना बोटं लागायची. दोघंही लागू द्यायची.

“यंदा कानबाईच्या प्रसादाचा रोट खाऊ घालशील?” एकदा त्यानं विचारलं.

“पागल. रोट घरच्यांशिवाय कुणाला देत नाहीत.”

“माहीत आहे मला.”

तिचे कान तापले. “आकडीवालीच्या घरचा चालेल?”

तेवढ्यात कुणी खोकल्याचं औषध मागायला आलं आणि उत्तर राहून गेलं. ते न मिळालेलं उत्तर देवीच्या कोपाइतकंच तिला छळत राहिलं.

वर्ष फिरलं. पुन्हा श्रावण, पुन्हा राजघाट. डफ घुमला. बाया तिच्याभोवती गोल करून वाट बघत थांबल्या. तृप्तीचं अंग मात्र गार.

“आली नाही?” कुणी पुटपुटलं. “पोरीचं काही चुकलं का?”

देवीआई, एकदाच ये, तृप्ती मनात म्हणाली. आणि लगेच... नको येऊस.

गर्दी सारत तिची आई मालूबाई पुढे आली. तृप्तीनं डोळेच मिटले. कानाशी हलका आवाज आला, “सकाळची गोळी घेतली ना?”

तिनं दचकून पाहिलं.

“रांगोळी काय तू एकटीच काढतेस?” मालूबाई म्हणाली आणि बायांकडे वळली. “चला, उचला चौरंग. आईनं यंदा माझ्या लेकीला सुट्टी दिली.”

चौरंगावर कानबाई म्हणून पूजलेला नारळ तापीत गेला. वरच्या पायरीवर उभा असलेला योगेंद्र खाली आला, वाकला आणि तृप्तीच्या पाया पडला.

“लोक बघताहेत! आज तर देवी आलीच नाही.”

“म्हणूनच. देवी यायची तेव्हा तू कुठे असायचीस? आज तू आहेस.” तो सरळ उभा राहिला. “आणि... चालेल. तेव्हा काउंटरवर सांगायचं राहिलं.”

“आता नाही वाटत भीती?”

“वाटते ना. तुझ्या आईची.”

मालूबाई मागेच उभी होती. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पदर खोचला आणि पायऱ्या चढू लागली.

“घरी चल रे,” मागे न बघताच ती म्हणाली. “रोट खायला.”