कर्ता: आर्वो निएमी

ही गोष्ट खरी आहे. आइला माझी शेजारीण. तिनेच सांगितली आणि नावं बदलू नकोस, असं बजावलं.

अमेरिकेतलं दुलुथ गाव. जानेवारीतला रविवार, भर दुपार. बाहेर सरोवर गोठलेलं.

आइलाचे वडील आर्वो नुकतेच गेले होते. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं टाइप करून एआयशी बोलायचं, असा प्रोग्राम त्यांनी एकट्याने लिहिला होता. हजारो लोक तो वापरतात. उघडला की पहिली ओळ यायची, ‘कर्ता: आर्वो निएमी’.

ते इस्पितळात असताना त्यांचा चेला कर्टिस याने मूळ प्रतीतली ती ओळ पुसून आपलं नाव घातलं.

आर्वोंना कळलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले, ते तसेच गेले.

त्या दुपारी कर्टिस घरी आला. प्रोग्रामला नवी सोय देणारं प्लगइन जोडायचं होतं आणि मूळ प्रत आर्वोंच्याच संगणकावर होती.

“आधी बाबांचं नाव परत घाल,” आइला म्हणाली.

“नाव काय चाटायचंय? म्हाताऱ्याने पाया खणला, घर मी बांधलं.”

“तू? आयत्या बिळावरचा नागोबा!”

तो हसला. प्लगइन जोडलं. प्रोग्राम सुरू केला.

‘कर्ता: आर्वो निएमी’

“तू हात लावलास याला?”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

त्याने ओळ पुसली. पुन्हा सुरू केला.

पुन्हा तीच ओळ...

आणि खाली, कुणी काही न विचारता...

‘पुरे, कार्ट्या.’

कर्टिसने कीबोर्डवरून हात उचलले. त्याला कार्ट्या म्हणणारा एकच माणूस होता.

“काहीतरी चावटपणा आहे हा!” त्याने इंटरनेटची वायर उपसली. आता उत्तर येणं शक्यच नव्हतं.

संगणकाच्या पंख्याची घरघर थांबली. खोलीत कसलाच आवाज उरला नाही...

अक्षरं उमटतच राहिली.

‘भिंतीकडे तोंड कर.’

कर्टिस उठला. भिंतीशी जाऊन उभा राहिला.

“आइला... मान वळत नाहीये गं! सांग ना त्यांना!”

आइला संगणकापुढे बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या काळ्या पडद्यावर लिहिलं.

‘बाबा, सोडायचं याला?’

‘तू म्हणशील तसं.’

ती उठली. कॉफी केली. सावकाश प्यायली.

मागे कर्टिस रडत होता.

दुसऱ्या दिवसापासून जगभर जो कुणी तो प्रोग्राम उघडतो, त्याला आर्वोंचं नाव दिसतं. ते कुणी परत घातलं, कुणालाच ठाऊक नाही.

आइला म्हणते, अंधार पडायच्या आत तिने ‘सोडा’ असं लिहिलं. कर्टिस आपल्या पायांनी घरी गेला.

पण परवा दुकानात त्याची बायको भेटली. म्हणाली, हल्ली तो जेवतोसुद्धा भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तरी वळत नाही.

मी आइलाला विचारलं, “नक्की लिहिलं होतंस ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

आणि कॉफी पुढे केली.