आठ दिवस पेट्रोल, आठ दिवस डिझेल

"एक सिलिंडर मिस मारतोय," मी म्हणाले, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय हलायचे थांबले.

खरं तर मी बोलायलाच नको होतं. आबा विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा घ्यायला सांगलीला आले होते आणि मी हट्टानं त्यांच्यामागे. परक्या गॅरेजात तोंड उघडायचं नाही, असं आक्काताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या आत्यानं, दोनदा बजावलं होतं. पण माझा कान भारी तिखट. कुंडलच्या मळ्यातलं डिझेल इंजिन लहानपणापासून मीच चालू-बंद करत आले. त्याचा एक ठोका चुकला तरी मला घास जायचा नाही.

"कोन म्हनतंय?" गाडीखालून आवाज आला.

"मी."

"मी म्हंजे?"

"आदी भाईर या, मग सांगते."

तो बाहेर आला. कपाळाला ग्रीस, हात कोपरापर्यंत काळे, आणि गॅरेजच्या मालकानं हाक मारली तेव्हा कळलं की नाव लालासाहेब! मला हसू आवरेना. त्यानं मुकाट्यानं एक प्लग काढला, घासून पुसून परत बसवला आणि इंजिन चालू केलं.

"हसून झालं असंल तर कान द्या. आता?"

"आता बरं हाय."

"नुसतं बरं? लष्कराच्या वर्कशॉपात सात वर्सं काढली, पर असलं कुनी बोललं न्हवतं मला!"

त्यानं माझ्याकडे बघितलं... आणि मी उगाचच गाडीकडे.

गाडी होती मात्र बघण्यासारखी. कुठल्याशा संस्थानातल्या धाकट्या सरकारांनी हौसेनं विलायतेहून मागवलेली. लांबलचक, गडद निळी, आत तांबड्या कातड्याच्या गाद्या, सहा सिलिंडर. पळण्यासाठीच जन्मलेली. पण सदुसष्ट साली तिला पेट्रोल पाजायची ऐपत आणि हिंमत कुणाला होती? दोन वर्षं ती गॅरेजात पडून होती. मालक म्हणाला, "मूळचं पेट्रोल इंजिन ठेवा, नाहीतर त्याच किमतीत डिझेल बसवून देतो." त्या काळात मोठ्या गाड्यांचं तसं सर्रास करत.

आबा पट्टा विसरले. दसऱ्याला त्यांचा साताऱ्याचा चुलतभाऊ नवी गाडी घेऊन आला होता आणि जाताना आबांच्या फेट्यावर धुरळा उडवून गेला होता. तेव्हापासून आबांना चैन नव्हतं.

"पेट्रोल पळतंय लय," ते म्हणाले, "पर डिझेलचं पिंप मळ्यात हाय. आमी बैल घेतो तवा आट दिस औताला जुंपून बगतो. ही दोनी इंजनं बी तशीच जुंपून बगू. कुटलं चांगलं, ते आमची बनू सांगंल. तिच्या कानाला तोड न्हाई."

मालकानं कपाळाला हात लावला. "आवं हिंदुराव, इंजिन काढायला-घालायला मिस्त्री लागतो!"

"मग मिस्त्री बी धाडा की."

अशा रीतीनं माझ्या बापाच्या तोंडूनच लालासाहेब आमच्या मळ्यावर आला.

पहिले आठ दिवस पेट्रोल. चाकावर लालासाहेब, शेजारी आबा, मागे मी आणि राखणीला आक्काताई. ती गाडीत बसली रे बसली की मान टाकून झोपायची, कारण इंजिनाचा आवाज म्हणजे नुसता गुंजारव. मी खिडकीतून ऊस बघायची, गुऱ्हाळांचा गोड धूर घ्यायची... आणि समोरच्या छोट्या आरशात हळूच डोळे नेले की तिथं दोन डोळे आधीच हजर!

आठव्या दिवशी कराडला गेलो. आबा संगमावर पाया पडायला उतरले आणि अवकाळी सर आली. ते देवळात अडकले. गाडीत आम्ही तिघं, त्यातली आक्काताई झोपलेली.

"इंजन चालू हाय का बंद?" मी विचारलं.

"कान तुमचा. तुमीच सांगा."

"चालू हाय... पर पावसाचा आवाज मोटा येतोय."

"म्हनून म्हनतो, हिला पेट्रोलच पायजे. डिझेलनं ही खिळखिळी हुईल. दर पंधरा दिसाला कोन तरी नटबोल्ट आवळत बसंल."

"कोन बसंल?"

"मीच की. मालकानं हमी दिलीया, मला हलूच देनार न्हाई."

"आन् पेट्रोल ठिवलं तर?"

तो काचेवरून सरकणारा वायपर बघत राहिला. "तर माजं काम संपलं. पुन्याच्या कारखान्याचं पत्र आलंय. येत्या न्हाई, त्येच्या फुडच्या सोमवारी हजर व्हायचं."

"पुन्यात काय येवडं सोनं लागलंय?"

"पुन्यात काय न्हाई वो... हितं मातुर..." एवढं बोलून तो थांबला. आक्काताईनं कूस बदलली होती.

"हितं मातुर काय?" मी कुजबुजले.

तेवढ्यात फेटा पिळत आबा आले. असा राग आला मला त्या पावसाचा! अजून दहा मिनिटं पडला असता तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी त्यानं चिंचेच्या फांदीला साखळी-कप्पी बांधून पेट्रोल इंजिन उचललं, गोठ्यात पोत्यांवर ठेवलं आणि मालकानं धाडलेलं डिझेल बसवायला घेतलं. आमचा बैल ते हुंगून बघत होता. मी चहाच्या निमित्तानं चारदा चिंचेखाली जाऊन आले. पाचव्यांदा तो म्हणाला, "आता चहा नगं. पाना धरा." मी पाना धरला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, काळा डाग राहिला, आणि तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

मग डिझेलचे दिवस आले. काय ते हाल! काचा थरथरत, आरसा थरथरत, त्यातले डोळे थरथरत. आक्काताई टक्क जागी. एकदा त्याचे ओठ हललेले दिसले.

"काय?" मी ओरडले.

तो पुन्हा काहीतरी बोलला.

"काय म्हंता?"

"आगं, आरसा ढिला झालाय म्हनतोय!" आबा खेकसले.

माझा पाय घरात ठरेना. भाजीत दोनदा मीठ पडलं. मळ्यात गेलं की घराकडे कान, घरात आलं की मळ्याकडे. पेट्रोल म्हणावं, तर सोमवारी तो पुण्याला. डिझेल म्हणावं, तर दर पंधरवड्याला आमच्या दारात. पण डिझेल म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं. माझ्या कानावर भरवसा ठेवून आबा एवढी हौस करत होते, आणि त्या गाडीची मी हाडं खिळखिळी करणार होते. तरीही शनिवार उजाडेपर्यंत माझं ठरलं होतं. मला तो जायला नको होता. बस्स.

चिंचेखाली सगळे जमलो. आबांनी विचारलं, "हां बने, बोल. कुटलं?"

"डिझेल."

लालासाहेबाच्या हातातला पाना खाली पडला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला फसवलं होतं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं झालं, आणि माझे कान तापले.

"आबा," तो म्हणाला, "पेट्रोलच घ्या."

"का रं? ती तर..."

"चूक माजी हाय. डिझेल बसलं तर मला हितं येत ऱ्हायाला मिळंल, म्हनून म्या गप बसायचं ठरवलं हुतं. पर ती लबाडी हुईल. गाडीशी बी आन् तुमच्याशी बी." त्यानं फडक्यानं हात पुसले, पुन्हा पुसले. "मला यायचंच असंल तर नटबोल्टाचं निमित्त कशाला? सरळच इचारतो. आबा, मला तुमची बनू पायजे."

माझा दोष त्यानं स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि मला वर बघायचा धीर होईना.

"बने," आबा म्हणाले, "आता खरं सांग. कुटलं?"

"पेट्रोल."

"आन् ह्यो गडी?"

मी नुसती मान डोलावली, एकदा, आणि मग भीती वाटली की त्यांना दिसली नसेल, म्हणून पुन्हा एकदा.

आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "ते खरं, पर बैल न्हवं, मानूस हाय ह्यो. आट दिस तरी बगाय नगं का?"

"सतरा झालं की!" आक्काताई फिसकन हसली. "पेट्रोलच घे हिंदुराव. त्यात कसं, समदं ऐकू येतं. कराडात 'हितं मातुर' म्हनून ह्यो गडी थांबला, तवापास्नं मलाच झोप न्हाई!"

मी पदरात तोंड लपवलं. आबा आधी बहिणीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"कुटलं गाव म्हनालास तुजं?"

"खंडाळा, साताऱ्याफुडचं. आई असती घरी."

"मग पेट्रोल घाल परत. उद्या खंबाटकीचा घाट चढवून बगू, आन् तुज्या आईलाबी भेटू. सोमवारी तू तितनंच पुन्याला जा."

दिवस मावळायच्या आत इंजिन जागेवर बसलं. लालासाहेबानं ते चालू केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कान द्या. कसं हाय?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी एका जागी स्वस्थ बसले होते.

"बरं हाय," मी म्हणाले. "पर आदी सांगा, हितं मातुर काय?"