यात्रेच्या नाटकातली हाक

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या. पण वाचून झोप उडाली तर मला शिव्या घालू नका.

जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी आत्या. बनाआत्या. गाव हिर्डोशी, भोरच्या वर, वरंधा घाटाच्या वाटेला. साल शहात्तर. चैत्रातल्या यात्रेची रात्र.

त्या वर्षी गावानं ठरवलं, टीव्हीवरच्या हडळीचं नाटक करायचं.

आता टीव्ही गावात कुणाच्या बापानं बघितला होता! पण सावळाराम मुंबईला कामाला होता. शेठच्या दारात उभं राहून त्यानं ती मालिका बघितलेली. त्यातली हडळ म्हणे ओळखीच्या आवाजात हाक मारायची.

जो ओ देईल, तो तिचा.

सावळारामनं सगळी गोष्ट सांगितली आणि नाटक बसलं. हडळीचं काम आत्याच्या यजमानांकडं, आमच्या कोंडिबामामांकडं. पंचक्रोशीत बाईचा पार्ट करावा तर मामांनीच.

दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या. आत्या अगदी पुढं बसली होती. मांडीवर तिची एकुलती एक जाई, सहा-सात वर्षांची.

पडदा सरकला...

हडळ आली. तोंडावर केस सोडलेले. लुगड्यातनं पाणी ठिबकत होतं. लोक म्हणाले, काय सोंग आणलंय मामांनी!

"सोनबाऽऽ..."

आमच्याकडं नाटकात गावातल्या माणसांची नावं घ्यायची पद्धत. नाव आलेला माणूस असा फुगतो की विचारू नका. सोनबानं पटका सावरत उठून ओ दिली. हशा पिकला.

"चंद्राबाईऽऽ..."

तिनंही पदर तोंडाला लावून, लाजत ओ दिली.

मग हडळ थांबली... तिनं मान वळवली...

"जाईऽऽ..."

हुबेहूब मामांचा आवाज. रोज जेवायला हाक मारायचे, तस्सा.

"ओ आबा!" जाई टुणकन उठली. सगळे हसले. आत्याही हसली. ती आजही कपाळ बडवून सांगते, "म्या हसले रं! म्या सोता हसले!"

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बने, माझ्याबिगर सुरू केलं व्हय?"

कोंडिबामामा.

गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. भोरहून येताना एसटी वाटेत बंद पडली, म्हणून चालत आलेले. काखेत गाठोडं. गाठोड्यात हडळीचं लुगडं आणि केसांचा टोप.

आत्यानं स्टेजकडं बघितलं...

तिथं कुणीच नव्हतं. फळ्यांवर नुसतं पाणी.

आठवड्याच्या आत सोनबा गेला. पहाटे बाहेरून कुणी हाक मारली, म्हणून उठून गेला आणि कड्याखाली सापडला. मग चंद्राबाई. तीही "आले, आले" म्हणत बाहेर पडली. विहिरीत मिळाली.

आता तिसरी कोण, हे गावाला सांगायला नको होतं.

आत्याची सासू साळूबाई म्हणाली, "पोरीचं नाव मोडा. त्या नावाची पोरगीच ऱ्हायली न्हाई, तर न्हेणार कुणाला?"

जाईची धोंडी झाली. गावानं जुनं नाव टाकलं. आत्यानं लेकीला रोज पढवलं, "जाई म्हणून कुणी हाक मारली तर कानात बोटं घालायची. डोळं मिटायचं. आबाचा आवाज आला तरी त्यो तुजा आबा न्हाई."

आणि हाक आली. तिन्हीसांजेला, दाराबाहेरून...

"जाईऽऽ..."

मामा चुलीपाशी भाकरी खात बसलेले. घास तोंडातच राहिला. पोरीनं कानात बोटं घातली. हाक बंद झाली.

असं पुष्कळदा झालं. पोर एकदाही चुकली नाही. आषाढ लागला तसं आत्याला वाटायला लागलं, सुटलो बाई.

भाताची लावणी चालू होती. आत्या ओढ्याच्या अलीकडं चिखलात. मामा वरच्या खाचरात. पोर ओढ्यातल्या खडकावर खेकडे धरत बसलेली.

अचानक वरून मामांचा आवाज...

"जाईऽऽ! जाईऽऽ!"

आत्यानं हातातली रोपं टाकली. तिनं लेकीकडं बघितलं. पोरीनं लगेच कानात बोटं घातलेली, डोळे घट्ट मिटलेले.

"शाबास गं माजी वाघीण," आत्या मनात म्हणाली.

मग तिला वरून येणारा लोंढा दिसला.

"धोंडेऽऽ! पळ! पानी आलं!" ती जीव तोडून ओरडली. पण पोरीच्या कानात बोटं होती. आईनं शिकवलं होतं तशी ती शहाण्यासारखी बसून राहिली.

लोंढ्यानं तिला खडकावरून उचललं.

दुसऱ्या दिवशी खाली, ओढा वळतो त्या वाकणावर सापडली. बोटं तेव्हाही कानातच होती. काढताना मोडावी लागली.

आत्यानं मामांची गचांडी धरली. "जाई म्हणून का वराडला? धोंडी म्हणाला असता तर माजं लेकरू उठलं असतं!"

मामांनी देवाच्या पायावर हात ठेवला.

"बने, म्या धोंडीच म्हणत हुतो. घसा फुटस्तवर धोंडीच म्हणत हुतो."

मग आत्याच्या कानावर काय पडलं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मामा गेले, आत्या अजून आहे. तिला कुणाचीच हाक ऐकायची नसते. जेवायला बोलवायचं तरी आम्ही जवळ जाऊन हात धरतो.

परवा मी हात धरला, तर तिनं विचारलं, "आत्ता भाईरनं तुला कोन बोलवत हुतं रं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.