अर्धा कोयता

टँकरच्या रांगेत सत्यभामा शेवटी उभी होती आणि उभ्या उभ्याच पेंगत होती. माजलगावकडच्या त्या सहकारी साखर कारखान्यावर यंदा पाण्याचे हाल होते. पाणी वाटायचं काम नेमकं एका नव्या पोराच्या गळ्यात पडलं होतं.

"तुमचा कोयता पुरा, का अर्धा?" त्यानं खाली बघतच विचारलं.

आता बीडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. त्या पोराचीही काही चूक नव्हती. उसाच्या पाचटानं हात कापू नयेत म्हणून सत्यभामानं ड्रेसवर बापाचा फुल शर्ट चढवला होता, तोडणीवाल्या बाया घालतात तसा. खरं तर ती अंबाजोगाईला बी.एस्सी. करत होती, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपला आली होती. घागर तिथल्याच माठासाठी होती.

"अर्धाच हाय," ती म्हणाली. "आन् अर्धाच ऱ्हाणार."

त्यानं वर बघितलं... आणि बघतच राहिला. घागर वाहायला लागली तसा टँकरवाला खेकसला.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोगशाळेत हजर. उत्तरेश्वर त्याचं नाव, तोही इंटर्नच. तिला पांढऱ्या कोटात बघून बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग मात्र त्यानं तिचं नावच पाडलं — अर्धा कोयता.

काम जीव काढणारं होतं. रानोमाळ हिंडून उसाचे नमुने आणायचे, रस काढायचा, गोडी मोजायची. ऊस वाळून सरपण झालेला. चालून चालून दोघांच्या पायांचे तुकडे पडायचे. बाटलीतला शेवटचा घोट तो नेहमी तिच्यासाठी ठेवायचा आणि आपल्याला तहानच नाही म्हणायचा. साफ खोटं. तिला ते कळायचं... आणि दमलेल्या जिवाला बरं वाटायचं.

अशातच बातमी आली की ऊसच नाही म्हणून कारखाना लवकर बंद होणार. तिचे आई-बाप याच कारखान्याला ऊस तोडायचे; त्याच आठवड्यात त्यांच्या टोळीचे मुकादम अर्जुनराव त्यांच्या खोपीवर स्थळ घेऊन आले. पोरगा तोडणीचाच होता, त्याला कोयता पुरा करायला बायको हवी होती. शिक्षणाचं एक वर्ष उरलं होतं, पण ते कोण बघतो?

नमुन्यांची मोळी घेऊन परतताना तिनं उत्तरेश्वरला सगळं सांगितलं. सांगताना आवाजही चढला नाही, इतकी ती थकली होती.

"मग आपण दोघंच—" तो बोलायला लागला.

"तुमीबी तेच म्हणा," ती थांबली. "सगळ्यांना मला पुरं करायची घाई. मला आधी शिकू तर द्या."

तो मान खाली घालून मागं पडला. तिला वाटलं, तुटलं सगळं. आणि तेव्हाच, अगदी नको त्या वेळी, तिला कळलं की हा माणूस आपल्याला लई आवडतो.

तरी तो तिच्या मागोमाग खोपीपर्यंत आला. अर्जुनराव तिथं ठाण मांडून बसलेले. सत्यभामानं मोळी टाकली आणि बापाला सरळ सांगितलं की मला एक साल द्या, परीक्षा होऊ द्या. पंडित, तिचा बाप, दिवसभर वाकून वाकून मोडलेला माणूस, नुसता बघत राहिला. मग त्याची नजर पोरावर गेली.

"तुमी कोण, पाव्हणं? लगीन झालंय का?"

"न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "ह्यांना अर्धंच ऱ्हाऊ द्या, काका. ह्यांचं शिक्षण होईस्तोवर मीबी अर्धाच ऱ्हातो. पुढचं ह्यांनी ठरवायचं."

सत्यभामा शर्टाची बाही पिळत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

पंडितनं पोरीकडं बघितलं.

"मुकादम," तो म्हणाला, "औंदा जमत न्हाई. तुमी दुसरीकडं बघा."

अर्जुनराव पुटपुटत उठून गेले. चुलीपाशी बसलेली तिची आई, चंद्रभागाबाई, पातेल्यात डोकावली. पाणी बेताचंच, चहा एकच कप निघाला. तिनं तो दोन पेल्यांत ओतला आणि दोघांपुढं सरकवला.

"पानी कमी हाय," ती म्हणाली. "सध्या अर्धा अर्धाच घ्या."

किती दिवसांनी सत्यभामा हसली.