सगळ्यांत हळू कोण

माझी आणि माझ्या सवतीची पहिली भेट पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या रांगेत झाली. सवत म्हणायला माझं लग्न झालेलं नव्हतं. ज्याच्यावरून सवत, त्याला मी अजून धड 'जेवलास का' असंही विचारलं नव्हतं. पण तयारीत असलेलं बरं.

"ताई, तुम्ही चाकात किती हवा ठेवता?" तिने विचारलं.

ताई! माझ्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी लहान असेल. मांजरांची डॉक्टर. डोंगरात पहिल्यांदाच बाइक चालवणार होती, आणि हेल्मेट काढल्यावरही तिचे केस जागच्या जागी होते. अशा बाईवर विश्वास ठेवायचा कसा?

"मावेल तेवढी," मी म्हणाले.

आमच्या शनिवार-रविवारच्या गटाचा नियम सोपा आहे. सगळ्यांत पुढे भूगोलाचे सर, सगळ्यांत मागे शेपूट. जो सगळ्यांत हळू चालवेल त्याच्या मागे शेपटाने राहायचं, कुणाला एकटं टाकायचं नाही. शेपूट हा शब्द व्याकरणात 'ते' असला तरी माझ्या मनात तीन वर्षं 'तो' होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलताना आधी हसायचा, मग बोलायचा.

त्याने बघावं म्हणून मी सरांच्या मागोमाग अशी झोकात वळणं घ्यायचे की बस्स! तो तेव्हा तीन किलोमीटर मागे असायचा, ही बारीकशी अडचण माझ्या लक्षात आली नव्हती.

चहाच्या टपरीवर ती आणि तो आले. दोघं मिळून, सगळ्यांच्या नंतर, हसत हसत.

"एवढं काय झालं?" मी सहज विचारलं. इतकं सहज की कपातला चहा हिंदकळला.

"अगं, ही इंडिकेटर समजून हॉर्न वाजवते!" त्याने डोळे पुसले. "प्रत्येक वळणावर!"

मी एक्स-रे काढायचं काम करते. आत काय मोडलंय ते मला लगेच कळतं.

पुढच्या घाटात मी वेग कमी केला. एकेक जण पुढे गेला. उरली ती, तिच्या मागे तो. मी तिच्याहून हळू झाले. ती घाबरून आणखी हळू झाली. मी पहिल्या गियरमध्ये आले. तीही आली. धुकं रस्त्यावर उतरत होतं, आमच्यापेक्षा वेगाने. एक सायकल पुढे गेली. मग फिरायला निघालेले आजी-आजोबा. आजोबांनी वळून विचारलं, "ढकलू का पोरी?" मग शेळ्या. शेवटची शेळी माझ्याकडे असं बघून गेली की मान खाली घालावी लागली.

अखेर तीच थांबली.

"ताई, हात जोडते, याला तुमच्या मागे घ्या! मागून कुणी बघत असलं की माझी वळणं बिघडतात. आणि सकाळपासून याचं एकच — ती हे वळण कसं घेत असेल, ती इथे गियर कधी बदलत असेल… मला तुमचं सगळं पाठ झालंय हो!"

आणि हॉर्न वाजवत ती सुसाट निघून गेली. तिचे केस, आता नीट पाहिलं तर, छानच होते.

तो हेल्मेट काढून उतरला. माझ्या गाडीपाशी उकिडवा बसला.

"क्लच गेला?"

"नाही."

"ब्रेक धरतोय?"

"नाही रे."

"मग इतकी हळू का?"

"जो सगळ्यांत हळू… त्याच्या मागे तू असतोस ना."

तो आधी हसला. मग बोलला.

"मी काय हौसेने मागे असतो? पहिल्या फेरीला तुला गाठायला निघालो होतो. नाहीच जमलं. सगळ्यांच्या मागून पोचलो. सर म्हणाले, वा, किती जबाबदार मुलगा! आणि शेपूट करून टाकलं."

"तीन वर्षांत नाही म्हणता आलं नाही?"

"नाही म्हटलं असतं, तर पुढे येऊन तुला काय सांगणार होतो?"

"काय सांगणार होतास?"

धुक्यात त्याचे कान लाल झालेले स्पष्ट दिसले. त्याचा हात माझ्या हँडलवर होता. मग हँडलवरच्या माझ्या हातावर —

फोन वाजला. सर होते. "अरे, कुठे राहिलात? कुणी पडलंबिडलं का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"हो सर," तो म्हणाला. "दोघंही."

"अरे देवा! किती वेगात होतात?"

मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"ताशी चार किलोमीटर, सर."